जावातून यादी वाचून लिहिली की ठरावीक अक्षरंच फुटतात

दांडियाबाजार_वाली:
बडोद्यातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयाची पुस्तकयादी नीट करायचं काम अंगावर घेतलंय. टॅबने तोडलेली साधी टेक्स्ट फाइल, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८, नावं मराठी आणि गुजराती. माझा जावा प्रोग्राम ओळ-ओळ वाचतो, दुबार नोंदी गाळतो, नवी फाइल लिहितो. वाचायला बफर्डरीडरच्या आत फाइलरीडर, लिहायला फाइलरायटर, कॉलेजात शिकवतात तसंच.

माझ्या लॅपटॉपवर जावा २१, तिथे सगळं चोख. ग्रंथालयातल्या विंडोजवर जावा ८ आहे (रिलीज ८ लावून, म्हणजे जावा ८वर चालेल असं, कंपाइल करते). तिथे झालेली फाइल घरी उघडली तर 'कादंबरी', 'नाटक', 'निबंध' ठणठणीत, पण 'चरित्र'मधला त्र फुटलेला, 'गुजराती'तला उकार गेलेला, झ तर कुठेच नाही. सगळंच बिघडलं असतं तर समजलं असतं, निवडक अक्षरंच का? ग्रंथपाल म्हणतात, फॉन्ट टाक. त्याने होईल?

सयाजीगंज_कोडर:
फाइलरीडरला दुसरा पॅरामीटर यूटीएफ-८ दे, विषय संपला.

रावपुरा_जुना:
तो कन्स्ट्रक्टर जावा ११ मध्ये आला, २०१८ साली. रिलीज ८ म्हटलं की कंपायलर दारातच अडवेल.

पोरी, फॉन्टचा इथे काडीचा संबंध नाही. एन्कोडिंग सांगितलं नाही की फाइलरीडर मशीनचं डीफॉल्ट उचलतो. जावा १८पासून (२०२२) ते सगळीकडे यूटीएफ-८ आहे, म्हणून तुझ्याकडे बिनबोभाट चालतं. त्याआधी ते विंडोजच्या सेटिंगवर होतं, इंग्रजी विंडोजवर बहुधा विंडोज-१२५२. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. आपलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं. म्हणजे 'क' आत येताना त्याची तीन भलतीच चिन्हं होतात आणि फाइलरायटर त्यांचे पुन्हा तेच तीन बाइट करून बाहेर टाकतो. येताना चुकलं ते जाताना भरून निघालं, म्हणून 'नाटक' वाचलं.

गंमत पुढे आहे. विंडोज-१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत (बाइटचे आकडे सोळाच्या पाढ्यातले, हेक्स): ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. हलन्ताचा (पाय मोडायची खूण, 'त्र'सारख्या जोडाक्षरात लपलेली असते) शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, 'ए'चा ८एफ, 'ऐ'चा ९०, 'झ'चा ९डी. तिथे जावाला अक्षरच सापडत नाही आणि लिहिताना तो सरळ प्रश्नचिन्ह ठोकतो. दीर्घ ऊकाराचा ८२, त्याला जागा आहे, तेव्हा 'भूगोल' शाबूत असेल बघ. युनिकोडमध्ये गुजराती लिपी देवनागरीच्या समांतर मांडलीय, त्यामुळे गुजराती नावांतही हीच अक्षरं गेली असणार.

वाचायला फाइल्स.न्यूबफर्डरीडर, लिहायला फाइल्स.न्यूबफर्डरायटर, दोन्हीला स्टँडर्डचारसेट्स.यूटीएफ_८ दे आणि दोन्ही ट्रायच्या कंसात उघड, म्हणजे आपोआप बंद होतील. पाथ.ऑफ जावा ८ला नाही, पाथ्स.गेट घे. इनपुटस्ट्रीमरीडरनेही वाचता येतं, पण चारसेटचं (म्हणजे एन्कोडिंगचं) नुसतं नाव दिलं तर खराब बाइट आला की तो गुपचूप बदली अक्षर ठेवून पुढे जातो. न्यूबफर्डरीडर एक्सेप्शन फेकतो. असल्या यादीला बोंब मारणारा बरा.

अलकापुरी_९:
कोडला हात कशाला? कमांडमध्ये फाइल डॉट एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं तरी काम होतं.

रावपुरा_जुना:
होतं. पण उद्या ग्रंथपालांनी आयकॉनवर डबल क्लिक केलं की ती कमांड कुठे जाते?

दांडियाबाजार_वाली:
झ परत आला! आता दोन शंका. पहिल्या ओळीतलं शीर्षक 'दाखल क्रमांक'शी इक्वल्स होत नाही, ट्रिम करूनसुद्धा. दिसायला तर हुबेहूब. आणि फुटलेल्या फाइलीत ग्रंथपालांनी बरेच कपाट क्रमांक दुरुस्त केलेत, तर तीच फाइल प्रश्नचिन्हं बदलून सुधारता येईल का?

रावपुरा_जुना:
पहिलं म्हणजे बीओएम, फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. जुना नोटपॅड यूटीएफ-८ सेव्ह करताना फाइलीच्या डोक्यावर तीन बाइट चिकटवायचा, जावा ते स्वतःहून काढत नाही आणि ट्रिमही त्याला शिवत नाही. पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर एफईएफएफ आहे का बघ, असेल तर सबस्ट्रिंग(१).

दुसरं नाही जमायचं. हलन्त गेला तिथेही प्रश्नचिन्ह, उकार गेला तिथेही तेच, आणि मागे उरलेले दोन बाइटही दोघांचे सारखेच. 'ए', 'ऐ', 'झ' यांचंही तसंच. मूळ फाइल नव्या प्रोग्राममधून काढ. फुटलेल्या फाइलीतून फक्त दाखल क्रमांक आणि कपाट क्रमांक उचल, आकड्यांना काही झालेलं नाही. दोन्ही फाइली दाखल क्रमांकावर जुळव, हॅशमॅपने दहा-पंधरा ओळींत होईल.