खडपात (किनाऱ्यावरच्या कातळात) गरवताना, म्हणजे गरीने मासे धरताना, शिसं (गरी बुडवायचं वजन) कच्च्या दोऱ्याला बांधावं का? मतं सांगा

खडपी_गुहागर
आमच्याकडे खडपावरून गरवणाऱ्यांत सध्या याच्यावरून रोज वाद चालतो. माझं मत सरळ आहे, बांधावं. खाली कातळ, कपारी, त्यावर कालवं, आणि अडकतं ते बहुतेक वेळा शिसंच, गरी नंतर. शिसं फटीत जाऊन बसतं आणि आपण ओढू तसं अजून रुततं. म्हणून लाईन 30 पौंड ताण घेणारी असेल तर शिसं 10 पौंडाच्या तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) बांधायचं, वीतभर खाली. अडकलं की तेवढंच तुटतं, गरी, लीडर (लाईन आणि गरीच्या मधला दोरा) आणि लागलेला मासा वर येतो. चांगली तांबोशी (मासा) लागलीय आणि शिशापायी सगळंच गेलं की जीव किती हळहळतो ते ज्याचं गेलंय त्याला विचारा. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

वेळासची_लाट
मला अजिबात पटत नाही. तुमची गरी वाचली पण दर वेळी शिशाचा एक गोळा समुद्रात राहिला त्याचं काय? शिसं विषारी आहे हे आता लहान मुलांना पण माहितीय. ब्रिटनमध्ये हंस ही बारीक शिसं गिळून मरायला लागले म्हणून 1987 पासून छोट्या शिशांच्या विक्रीवर बंदी आली, आणि आपण इथे मुद्दाम तुटेल असं बांधायचं शिकवतोय. आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्याच पाण्यात हे सगळं पडतं. बांधायचंच असेल तर दगड बांधा ना, खडपावर दगडांना काय तोटा आहे.

खडपी_गुहागर
ताई, शिशाबद्दल बोललात ते खरंय, त्यावर वाद नाही. पण दगड पाण्यात हलका होतो. 100 ग्रॅमचं शिसं समुद्रात साधारण 91 ग्रॅम भरतं आणि तेवढ्याच वजनाचा काळा दगड 65 च्या आसपास, वर आकाराने चौपट म्हणजे लाट त्याला ढकलत नेते आणि मग तो फटीत जातोच.

वेळासची_लाट
मग 140 ग्रॅमचा घ्या, हिशोब तुम्हीच दिलात. चपटा गोटा घेतला तर लोळत पण नाही.

तळकोकणी
अरे बाबांनू, आधी खडाप बघून येवा! शिसं का दगड हा नंतरचा प्रश्न. पाण्याखाली काय आहे ते न बघता टाकणारा कशानेही अडकणारच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय, पुनव म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुनव-अमावास्येनंतर एक-दोन दिवस सकाळी पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा जा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन खडपांच्या मध्ये वाळूचा पट्टा कुठे आहे, कुठल्या दगडाच्या रेषेत आहे, सगळं दिसतं. मग भरतीला नेमकं तिथे टाका. मी तर बऱ्याचदा शिसं लावतच नाही, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा बोंडा) लावतो आणि गरी तळापासून हातभर वर ठेवतो.

खडपी_गुहागर
काका, ओहोटीला बघून येण्याचं लाख वेळा मान्य. फ्लोटचं नाही. पाणी शांत असेल तर ठीक, जरा लाट असली की फ्लोट फिरून आपल्याच पायाखालच्या खडपावर येतो. आणि गोबरा मासा कपारीतून हातभर वर येईल याची खात्री काय? तो तळातच बसतो.

रीलवाला_पुणे
शिसं कच्च्या दोऱ्यावर, याला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. जोरात कास्ट करताना (गरी फेकताना) तो दोरा तुटला तर 100 ग्रॅमचं शिसं गोळीसारखं सुटतं आणि मागेपुढे माणसं असतात हो खडपावर! करायचंच असेल तर शिसं फेकताना लीडरवरच्या तारेच्या आकड्यात अडकवा म्हणजे फेकीचा जोर जाड लाईनवर येतो, पाण्यावर आपटलं की आकड्यातून सुटतं आणि मग कच्च्या दोऱ्यावर लोंबतं. आकडा नसेल तर झोका देऊन हळू टाका.
दुसरं म्हणजे अडकल्यावर लोक रॉड वाकवून झटके देतात, त्याने रॉड जातो. लाईन ढिली सोडा, दहा पावलं बाजूला जा, दुसऱ्या कोनातून ओढा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं. गोबरा लाईन घेऊन बिळात गेला तरी तसंच, ढील देऊन थांबा, ताण गेला की तो स्वतःच बाहेर निघतो कधीकधी. आणि ब्रेडेड (विणलेली) लाईन हाताला गुंडाळून ओढू नका, बोटं कापतात. खडकाला घासली तर तीच लाईन पटकन तुटते, म्हणून पुढे जाड मोनोचा (एकसंध नायलॉन तंतूचा) लीडर पाहिजेच.

खडपी_गुहागर
आकड्याचा मुद्दा एकदम बरोबर, तसंच करायला पाहिजे. दगडही मी वापरून बघतो. पण कच्चा दोरा मी सोडणार नाही, कारण तो नसेल तर गरी, लीडर आणि वर कितीतरी हात लाईन खाली राहते, ते कासवांना जास्त वाईट.

वेळासची_लाट
हे मात्र पटलं. पण मग तो दोरा तंगुसाचा नको, सुती घ्या, कुजून तरी जाईल.

खडपी_गुहागर
सुती भिजल्यावर किती ताण घेतो ते बघावं लागेल. 10 पौंड म्हणजे साडेचार किलो. सामान तोलायचा हुकचा काटा असतो ना, त्याला भिजवलेला दोरा बांधून ओढायचा, चार-साडेचार किलोला तुटेल एवढेच पदर घ्यायचे. कोणी करून बघितलं तर किती पदरी लागतो ते इथे लिहा.