कुत्र्याने पाठीत धरलेल्या कोंबडीची रात्रभर काळजी कशी घ्यावी?

प्रश्न

आज दुपारी माझ्या सहा कोंबड्यांपैकी एकीला कुत्र्याने पाठीत धरले. मी धावत जाऊन तिला सोडवले. परंतु शेपटीच्या वर तळहाताएवढ्या जागेतील पिसे उपटली गेली असून कातडी फाटल्यामुळे आतील मांस दिसते आहे. रक्त थांबले आहे. ती खोक्यात पिसे फुलवून, डोळे मिटून बसली आहे आणि दाण्याला तोंड लावत नाही. पशुवैद्यक उद्या सकाळीच भेटतील. तोपर्यंत जखम धुवावी का आणि तिला बळेच पाणी पाजावे का? दोन वर्षे मी तिला सांभाळले आहे. माझ्या हातून काही चुकू नये, एवढीच इच्छा आहे.

उत्तर १

आधी ऊब द्या, जखमेकडे त्यानंतर वळा. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि भेदरलेल्या, रक्त गेलेल्या कोंबडीला ते टिकवणे जड जाते. खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवा आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नकोसे झाल्यास तिला दूर सरकता येईल. तिला खुराड्यात मुळीच सोडू नका, कारण उघडे लाल मांस दिसले की सोबतच्या कोंबड्याच तेथे चोची मारू लागतात.

पाणी बळेच पाजू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असल्यामुळे ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. चोचीचे टोक पाण्यात हलकेच बुडवा. गिळण्याइतकी शुद्ध असेल तर ती मान वर करून घोट घेईल.

ती थोडी सावरली की जखम धुवा. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा आणि सुई काढलेल्या सिरिंजने ते जखमेवर भरपूर सोडा. नंतर पोविडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड टाळावे, कारण त्याने भरून येणारे मांसही जळते. जखमेत चिकटलेली पिसे ओढू नका, कातडी आणखी फाटेल. ती कात्रीने कापा. हे सारे करताना पंख अंगाशी धरा, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे घाबरून घट्ट कवटाळलेली कोंबडी हातातच गुदमरते.

उत्तर २

वरील सल्ला योग्य आहे. मात्र मला पाठीवरच्या मोठ्या जखमेपेक्षा न दिसणाऱ्या जखमांची अधिक काळजी वाटते. कुत्र्याचे वरचे दात पाठीत रुतले असतील, तर खालचे पोटाला किंवा पंखाखाली लागले असणार. पिसांवर फुंकर घालत कातडी उघडी करून बघा. सुळ्याचे छिद्र दाण्याएवढेच असते, पण तोंडातील जंतू खोलवर जातात आणि वरून खपली धरली तरी आत पू होतो. अशा जखमेला बहुधा प्रतिजैविक लागते, त्याची निवड आणि मात्रा पशुवैद्यकांवरच सोपवा आणि औषध सुरू असताना व नंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हेही त्यांना विचारा.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले, तेव्हा डाव्या पंखाखाली खरोखरच दोन छिद्रे सापडली. उद्या ती आवर्जून दाखवीन. चोच बुडवल्यावर तिने चार-पाच घोट पाणी घेतले. तिला पुन्हा इतर कोंबड्यांमध्ये केव्हा सोडता येईल?

उत्तर ३

पाणी घेतले, हे चांगले लक्षण आहे. आता माश्यांना जपा: उघड्या जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसातच अळ्या बाहेर पडू शकतात. खोक्यावर बारीक जाळी घाला, खालचे फडके ओले होताच बदला आणि सकाळ-संध्याकाळ पिसे बाजूला करून जखम तपासा. सोडण्याची घाई मात्र नको. जखम पूर्ण भरून नवी कातडी धरेपर्यंत तिला वेगळीच ठेवा, पण शक्य झाल्यास शेवटचे काही दिवस खुराड्याशेजारी जाळीपलीकडे ठेवा. फार दिवस नजरेआड राहिलेल्या कोंबडीला बाकीच्या परकी समजून टोचतात. म्हणून ती सोडाल त्या दिवशी पहिला तासभर तेथेच थांबा आणि कोणी पाठीवर चोच मारलीच, तर तिला लगेच उचलून घ्या.