मदत हवी आहे : प्रकाशाने जागं होणारं औषध खोलवरच्या गाठीपर्यंत पोचतं कसं?

एमएस्सीच्या सेमिनारसाठी कर्करोगावरची प्रकाश-सक्रिय नॅनोऔषधं हा विषय घेतलाय आणि एका जागी अडकलेय. मूळ कल्पना कळली: औषध अंधारात जवळपास निष्क्रिय, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला की आसपासच्या ऑक्सिजनला उत्तेजित करून पेशी मारतं. फोटोफ्रिन या अशाच एका औषधासाठी ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश वापरतात. पण तो ऊतींत जेमतेम काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. मग यकृतातल्या गाठीचं काय? ऑप्टिकल फायबर आत घालायचं, हे एक उत्तर. दुसरं म्हणजे ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकणारे अपकन्व्हर्जन कण. पण ९८० ला पाणीही प्रकाश शोषतं, म्हणजे ऊती तापणार! मग ८०८ वर चालणारे कण खरंच बरे, की त्यांचीही काही गोम आहे?

आणखी एक. चमकून गाठ दाखवणारा आणि तिला मारणारा रेणू एकच असेल, तर शोषलेली ऊर्जा चमकण्यात जाते की ऑक्सिजनकडे? दोन्ही एकदम कसं साधतात? प्रयोगशाळेत यावर काम केलेलं कुणी आहे का इथे? सोप्या भाषेत सांगा प्लीज, भौतिकशास्त्र माझं कच्चं आहे.