कोल्हापूर-नागपूर विमान: अंतर नक्की किती, नि वेळ किती धरायची?

रंकाळ्याचा_वारा
आई-आप्पांना पुढच्या महिन्यात नागपूरला न्यायचंय, ताईकडं बारसं आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे-मनमाड-भुसावळ असा सगळा वळसा घालून जाते, आप्पांच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही म्हणून विमान बघतोय. तर एका साइटवर अंतर ३७८, दुसरीकडं ७०१, नि मॅपवर गाडीरस्ता आठशेच्या वर. खरं कुठलं धरायचं? आणि ७०० किमी असंल तर जेट तासाच्या आत पोचायला पाहिजे की, मग सव्वा-दीड तास कशाला दाखवतात? एका तिकिटावर तर साडेपाच तास लिहिलंय.

विंडोसीट
तिन्ही आकडे बरोबरच आहेत. ३७८ हे नॉटिकल मैल, एकाचे १.८५२ किमी, गुणून बघा ७०० येतात. हे उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) सरळ रेषेतलं हवाई अंतर, रस्ता सोलापूर-नांदेड-यवतमाळ करत जातो म्हणून वाढतो.

वेळेचं म्हणाल तर तिकिटावर हवेतला वेळ नसतोच, विमान जागेवरून हललं तिथपासून नागपुरात जागेवर थांबेपर्यंतचा सगळा धरतात. त्यात टॅक्सी, म्हणजे विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून सरकत जाणं आलं, वर चढणं आलं, उतरताना वेग कमी करणं आलं. जेटचा ताशी ८०० किमीचा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो, आणि एवढ्याशा अंतरात तो टप्पा सुरू झाला म्हणेपर्यंत खाली उतरायची तयारी. एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर वेग ५०० च्या आसपास, म्हणजे आणखी वीस-पंचवीस मिनिटं जास्त धरा. तिकीट काढताना विमान कुठलं ते बघाच, लोक नुसतं भाडं बघतात.

अजून एक, हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळं जाताना जरा लवकर नि येताना थोडा उशीर.

भाऊ_सोनेगाववाले
साडेपाच तासवालं म्हणजे मधे उतरून दुसरं विमान धरायचं असंल, हैदराबाद नाहीतर मुंबई. हैदराबाद तसं आडवाटेचं नाही, कोल्हापूर-हैदराबाद साडेचारशेच्या आत अन् तिथून नागपूर बी तेवढंच. खरा वेळ बसून राहण्यात जाते. म्हातारी माणसं आहेत तर थेटच पाहा ना भाऊ, दोन-चारशे वाचवाले काहून त्यांले तीन तास खुर्चीवर बसवता? थेट विमान रोज असंलच असं नाही, वार पाहूनच बारशाचं ठरवा. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे पण ते वर्धा रोडवर, सामान घेऊन त्यांले तेवढं चालवू नका, टॅक्सी करा.

रंकाळ्याचा_वारा
लई भारी भावांनो. बारशाची तारीख ताईच्या सासूबाईंनी आधीच ठरवलीय, नि त्या दिवशी थेट विमान नाही 😅 आदल्या दिवशीचं बघतो.

विंडोसीट
आदल्या दिवशीचंच घ्या. पावसाळा असेल तर उजळाईवाडीला ढग खाली आले की विमान रखडतं, कधी कधी रद्दच होतं.