मदत हवी आहे: शाहनाम्यातलं शहाणपण
फिरदौसीच्या शाहनाम्यात, म्हणजे इराणच्या राजांवरच्या फारसी महाकाव्यात, शहाणा वजीर बुजुर्गमेहर इराणच्या नौशेरवान बादशहाला माणसाला छळणारे दहा दैत्य सांगतो: हाव, गरज, क्रोध, मत्सर वगैरे. या दैत्यांच्या तलवारीपुढे खिरद, म्हणजे शहाणपण, हेच चिलखत! विलक्षण जागा आहे ही.

जरथुश्त्री धर्माच्या पहलवी (जुन्या फारसीतल्या) ग्रंथांत खिरद दोन प्रकारची: उपजत आणि ऐकून मिळवलेली. त्यांतला 'मेनोग-ए-खिरद' मी वेस्टच्या 1885च्या इंग्रजी अनुवादात वाचलंय. मग वॉर्नर बंधूंच्या इंग्रजी शाहनाम्यात नौशेरवानाच्या, बुजुर्गमेहरच्या उपदेशाच्या सातही मेजवान्या चाळल्या, सुरुवातीची खिरदस्तुतीही वाचली. तिथे ही विभागणी हाती लागली नाही. मला फारसी येत नाही, इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती अनुवाद चालेल. डेव्हिसचा नको, त्यात उपदेशाचे भाग बरेच गाळलेत.

उपजत आणि कमावलेली खिरद फिरदौसी वेगळी मानतो, असं दाखवणारा उतारा नेमका कोणत्या राजाच्या कथेत आहे?