शब्दचर्चा : स्पीडबॉलमधली ‘लेन’ म्हणजे वाट, रेघ की पाटी?

रानपाखरू

स्पीडबॉल पेंटबॉल (रंगाच्या गोळ्या मारून समोरच्यांना बाद करायचा खेळ) नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. रिसॉर्टमधला झाडाझुडपांतला, ड्रमांमागचा पेंटबॉल नव्हे. हवा भरलेल्या बंकरांचा, पाच-पाच जणांचा, अमेरिकेतल्या एनएक्सएल स्पर्धांच्या धाटणीचा. मैदान साधारण 45 मीटर लांब आणि 36 मीटर रुंद, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना बंकरांची मांडणी तंतोतंत सारखी. बंकर (लपायचे फुगवलेले अडथळे), हॉपर (हत्यारावरचं गोळ्यांचं भांडं), पॉड (जादा गोळ्यांची नळकांडी) हे शब्द तसेच ठेवले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. अडलं आहे ते ‘लेन’, ‘बॅक’, ‘इन्सर्ट’ आणि ‘कव्हर’ या चार शब्दांपाशी. सध्या लेनला ‘वाट’ आणि बॅकला ‘बचावपटू’ असं लिहिलं आहे. वाचायला बरं वाटतं, पण हे शब्द ऐकून नवखा खेळाडू नेमकं काय करेल, याची खात्री वाटत नाही. जाणकारांनी सांगावं.

सह्यकडा

‘वाट’ तर आधी काढून टाका. वाट धावणाऱ्याची असते आणि लेन मारणाऱ्याची. भोंगा वाजला की समोरचा खेळाडू त्याच्या कोपऱ्याकडे पळत सुटतो. तो ज्या फटीतून जाणार, त्या फटीवर तो पोहोचायच्या आधीपासून गोळ्यांची धार लावून ठेवायची, याला लेन धरणं म्हणतात. नवख्याला ‘वाट धर’ म्हटलंत तर तो धावणाऱ्याच्या मागे मार्करची, म्हणजे गोळ्या मारायच्या हत्याराची, नळी फिरवत नेणार. पहिल्या महिन्यात सगळे हीच चूक करतात, तिला शब्दाचंही पाठबळ कशाला द्यायचं?

नळी फिरवून का लागत नाही, त्याचा हिशोब असा. गोळी नळीतून सुटताना तिचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला 300 फूट, म्हणजे 91 मीटरच्या आसपास. पण ती जेमतेम तीन ग्रॅमची आणि गोल, त्यामुळे हवेत तिचा वेग झपाट्याने मरतो. 30 मीटर जायला तिला जवळपास अर्धा सेकंद लागतो. जीव तोडून पळणारा खेळाडू तेवढ्यात पावणेतीन ते तीन मीटर पुढे गेलेला असतो. तो जिथे दिसला तिथे मारलं तर गोळी त्याच्या पाठीमागून जाते, आणि नळी त्याच्या मागे फिरत राहिली तर प्रत्येक गोळी तेवढीच मागे राहते.

माझं मत ‘रेघ’ या शब्दाला. रेघ जागची हलत नाही, आणि नेमकं तेच शिकवायचं आहे.

कपाळपाटी

‘रेघ’ वाईट नाही, पण मराठीत याच कामासाठी तयार शब्द असताना तो का सोडायचा? आट्यापाट्यांत बचाव करणारा आपापल्या पाटीवर उभा असतो. त्याने पाटी सोडायची नाही, समोरच्याने त्याला चुकवून ती ओलांडायची. ‘पाटी धरणे’ असंच म्हणतात. लेन धरणाऱ्याचं काम शब्दशः हेच. तो माणसाच्या मागे जात नाही, पाटी धरून राहतो, आणि ओलांडणारा आपल्या पायांनी माऱ्यात येतो.

सह्यकडा

तुलना फार सुरेख आहे. अडचण एकच. हल्लीच्या मुलांना पाटी ठाऊक आहे ती खो-खोची, आणि तिथे पाटी म्हणजे मैदानाच्या मधोमध खांबापासून खांबापर्यंत गेलेला पट्टा, पाठलाग करणारे जिच्यावर बसतात तो. आट्यापाट्या खेळलेला मुलगा समोर असेल तर ‘पाटी’ म्हणा, नाहीतर ‘रेघ’.

शब्द कोणताही घ्या, पण टिपणात कृती पूर्ण द्या. सामन्याआधी मैदान पायी फिरून पाहतात तेव्हाच सुरुवातीच्या जागेवर उभं राहायचं आणि समोरच्या दोन बंकरांमधली फट शोधायची, जिथून कोपऱ्याकडे पळणाऱ्याला गेल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या फटीमागे न हलणारी खूण पकडायची. जाळीचा खांब सगळ्यात चांगला. गोळी लांबवर खाली येते, म्हणून नेम खुणेच्या थोडा वर, इतका की फटीपाशी ती कमरेच्या उंचीवर पोहोचेल. डोक्याच्या उंचीवर धरलेली रेघ वाया जाते, कारण पळणारा वाकून पळतो. भोंग्यासरशी तीन-चार गोळ्या सोडून त्या कुठे पडतात ते डोळ्यांनी पाहायचं, एकदाच दुरुस्ती करायची आणि मग हात लोखंडासारखा स्थिर. दोन-तीन सेकंद झाले की संपलं, बंकरमागे जायचं. जो उघड्यावर उभाच राहतो, तो समोरच्याच्या रेघेत बाद होतो.

आणि रेघ धरण्याआधी आपला पुढचा गडी कुठून पळणार हे विचारून घ्यायचं. आपल्याच गोळीने आपला गडी बाद होतो, हे नवख्यांत नेहमीचं.

रानपाखरू

एक शंका. सेकंदाला दहा गोळ्या सुटत असतील तर रेघ ओलांडून कुणी सुटतो कसा?

सह्यकडा

पळणारा सेकंदाला सहा मीटर जातो असं धरा. मग दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात तो 60 सेंटिमीटर सरकतो. वाकून, मार्कर अंगाशी घेऊन पळणाऱ्या सडपातळ माणसाची रुंदी याहून कमी भरते, म्हणजे तो दोन गोळ्यांच्या मधून कोरडा जाऊ शकतो. म्हणून महत्त्वाच्या फटीवर दोघांनी दोन वेगळ्या जागांहून रेघ धरायची. एकाने धरली तर ती बऱ्यापैकी नशिबाच्या हवाली असते. याला ‘कोंडी’ म्हणायला हरकत नसावी.

मधलीफळी

आता बॅककडे वळू. ‘बचावपटू’ हा शब्द माझ्या मते चौघांतला सर्वांत घातक आहे. फुटबॉल-हॉकीत बचावफळी गोल राखते. स्पीडबॉलमध्ये समोरच्याच्या सुरुवातीच्या जागेवरचा बझर दाबला की गुण मिळतो. तिथे आपल्यातलं कुणीतरी जाऊन पोहोचायचं असतं. ‘तू बचावाला’ असं सांगितलेला मुलगा मागच्या बंकरला चिकटून बसतो, समोरचे मधल्या रेषेपर्यंत येतात, आणि मग त्यांना तिरके कोन मिळतात. तिथून पुढे बचाव उरतच नाही.

फळ्यांचे शब्द मराठी खेळांच्या वृत्तांतात रुळलेले आहेत, तेच वापरा : पुढची फळी, मधली फळी, मागची फळी. फक्त प्रत्येकीपुढे काम लिहा.

पुढची फळी दोघांची. एक साप-बाजूला, एक डोरिटो-बाजूला. ‘साप’ म्हणजे मैदानाच्या कडेने आडवे मांडलेले बुटके लांबट बंकर. त्यांच्या आडून सरपटतच पुढे जावं लागतं, उठून बसलं तरी डोकं दिसतं. डोरिटो हे नाव त्या चिप्सच्या त्रिकोणी आकारावरून आलं. ते उभे असतात, त्यामुळे तिथे माणूस उभ्याने खेळतो आणि पुढच्या त्रिकोणाकडे धावत जातो. अंगाने लवचीक, बुटका खेळाडू सापात. लांब टांगांचा डोरिटोला. ही वाटणी नेहमी जमते असं नाही, पण सुरुवातीला पुरते.

मधली फळी म्हणजे तुमचा ‘इन्सर्ट’. इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘मध्ये घुसवलेला’ असा निघतो, पण त्यावर अडकू नका. याचं काम पुढच्या गड्याला समोर काय चाललंय ते सांगत राहणं, त्याला त्रास देणाऱ्याला दाबून ठेवणं, आणि पुढचा बाद झाला की लगेच त्याची जागा घेणं. या तिसऱ्या कामात नवखे हमखास कमी पडतात. पुढचा हात वर करून बाहेर निघतो आणि मधला आपल्या जागी बसून राहतो. पाच-सात सेकंदांत ती अख्खी बाजू समोरच्यांची होते.

मागची फळी म्हणजे मधोमधचा ‘होम’ बंकर. त्याला दोन्ही बाजू दिसतात, म्हणून सगळ्यात जास्त बोलायचं त्याने. समोरचे दोन बाद झाले की त्यानेही जागा सोडून पुढे यायचं, हे शिकवताना पहिल्याच दिवशी सांगा.

शिलेदार१८

बखरींमध्ये सैन्याच्या पुढच्या तुकडीला ‘बिनी’ आणि पिछाडीला ‘चंदावल’ म्हटलेलं आढळतं. बिनीचा गडी म्हणजे पुढचा, हे आजही चटकन कळतं.

मधलीफळी

‘बिनीचा’ घ्या, जरूर घ्या. ‘चंदावल’ हा शब्द मला स्वतःला प्रिय आहे, पण मैदानावर ओरडल्यावर ज्याला उद्देशून ओरडलो त्यालाच तो कळणार नाही. नुसतं ‘मागचा’ पुरे.

रानपाखरू

साप-बाजू, डोरिटो-बाजू ऐवजी कबड्डीसारखं डावा कोपरा, उजवा कोपरा म्हटलं तर?

मधलीफळी

नको. बाजू बदलून दुसऱ्या टोकाहून खेळायची वेळ आली की साप डावीकडून उजवीकडे जातो. शिवाय समोरच्याची डावी ती आपली उजवी, आणि ‘डावीकडे दोघं’ म्हणजे कुणाच्या डावीकडे, यात तो सेकंद जातो. ‘साप’ म्हटलं की मैदानात एकच जागा. डोरिटोला ओरडताना नुसतं ‘डी’.

सह्यकडा

‘कव्हर’वर कुणी बोललं नाही, आणि खरा गोंधळ तिथेच आहे. आपल्या बोलण्यात ‘कव्हर घे’ आणि ‘कव्हर दे’ दोन्ही चालतात आणि दोन्हींचा अर्थ उलटा आहे. पहिल्यात डोकं आत घ्यायचं, दुसऱ्यात डोकं बाहेर काढून मारायचं. गोंगाटात ऐकू येतं फक्त ‘कव्हर’, आणि नवखा खाली बसतो. जो पळायला निघालेला होता तो उघड्यावर सापडतो.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, दोन्ही लहान. लपायला ‘आडोसा’, मारायला ‘दाब’. आज्ञा द्यायच्या त्या ‘आत!’ आणि ‘दाब!’

आडोशाबद्दल टिपणात एक गोष्ट ठळक हवी. बंकरला चिकटून उभं राहायचं नाही, हातभर मागे राहायचं. चिकटलं की नळी कडेबाहेर डोकावते आणि तुम्ही कुठून निघणार हे समोरच्याला आधीच कळतं. कोन बघायला अंगही जास्त बाहेर काढावं लागतं. हातभर मागे राहिलं की थोडंसं झुकल्यावरही बरंच दिसतं. अपवाद एकच : बाजूने कुणी तिरका आला असेल तर घट्ट चिकटा, कारण मागे राहिलेला खेळाडू त्याला उघडा दिसतो. उजव्या कडेने मारताना मार्कर उजव्या हातात, डाव्या कडेने डाव्या हातात. हात न बदलता डावीकडून मारलं की आधी कोपर आणि खांदा बाहेर जातो, आणि गोळी तिथेच लागते. एकाच उंचीवरून सलग दोनदा डोकं काढायचं नाही. एकदा उभ्याने, मग गुडघ्यावरून.

दाब म्हणजे बंकरच्या मध्यावर गोळ्या फोडणं नव्हे. ज्या कडेने समोरचा डोकं काढतो त्या कडेवर दोन-तीन गोळ्या, थोडी उसंत, पुन्हा दोन, मग चार. ठेका एकसारखा ठेवला की समोरचा मधली उसंत ओळखतो आणि तेवढ्यात डोकं काढून मारतो. धावणाऱ्याने ‘दाबला’ हे ऐकल्यावरच निघायचं, आधी नाही. हॉपरमध्ये साधारण 200 गोळ्या मावतात, अखंड मारलं तर 20 सेकंदांत संपतात. हॉपर हलका वाटायला लागायच्या आधीच ‘भरतो’ असं ओरडून पॉड रिकामा करा. न सांगता भरायला बसलं की तेवढा वेळ दाब नाही, आणि साथीदारांना ते माहीत नाही.

शिलेदार१८

‘क्रॉसफायर’ला ‘कैची’ सुचवतो. कैचीत सापडणे हा प्रयोग बोलीत आहेच.

मधलीफळी

पटला. हा शब्द डावपेचही सांगतो, कारण कैचीला दोन पाती लागतात. नवख्याची नजर नेहमी समोरच्या बंकरवर खिळते. पण समोरच्याचा बंकर नेमका तुमच्या दिशेनेच त्याला झाकत असतो. तिथे तुम्ही त्याला फक्त गुंतवून ठेवू शकता. बाद करतो तो दुसऱ्या बाजूचा साथीदार, तिरका मारून. म्हणून साप-बाजूच्या मधल्या फळीने बऱ्याचदा डी-बाजूच्या शत्रूकडे पाहायचं, आणि उलट.

बाकी शब्द पटकन सांगतो. एका बंकरहून पुढच्या बंकरला जाणं म्हणजे ‘सरकणे’. समोरच्याच्या बंकरपर्यंत धावत जाऊन त्याला जवळून मारणं म्हणजे ‘मुसंडी’. ही एकट्याच्या मनाने मारायची नाही, तो आत आहे असं साथीदाराने सांगितल्यावरच. एकाच्या बदल्यात एक गेला तर ‘बरोबरी’. बाद झालेल्यांची मोजणी मोठ्याने करायची, ‘दोन गेले’, म्हणजे कधी सरकायचं हे सगळ्यांना एकदम कळतं. गोळी अंगावर फुटून रंग लागला तरच बाद. आपटून तशीच उडाली तर नाही. रंग पुसणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी साथीदारालाही बाहेर काढतात.

कपाळपाटी

‘मार्कर’ ऐवजी ‘बंदूक’ का लिहायचं नाही, ते टिपणात असावं. मूळ हत्यार नेल्सन पेंट कंपनीचं नेलस्पॉट 007. ते झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला वापरत. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जण पहिल्यांदा खेळले ते तेच घेऊन, आणि जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नव्हती. खूण करणारं यंत्र म्हणून मार्कर. ‘खूणयंत्र’ वगैरे करत बसू नका.

रानपाखरू

मार्कर ठेवतो. मास्क आणि नळीवरचं कापडी झाकण यांच्या सूचना टिपणाच्या पहिल्या पानावर आहेत : खेळण्याच्या जागेत मास्क एका क्षणासाठीही काढायचा नाही, बाहेर पडताना झाकण चढवूनच. पावसाळ्याबद्दल काही लिहावं का?

सह्यकडा

अवश्य. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, दमट हवेत ते फुगून मऊ होतं. फुगलेली गोळी नळीतच फुटते, रंग नळीत माखतो आणि पुढच्या गोळ्या भलतीकडे वळतात. मग रेघ कितीही स्थिर धरली तरी ती रेघ राहत नाही. पाकीट आयत्या वेळी उघडा, उरलेल्या गोळ्या हॉपरमध्ये रात्रभर ठेवू नका, आणि नळी पुसायची दोरी खिशात असू द्या.