पर्सनल ट्रेनर: फी वसूल होते का, की नुसता रेप्स मोजणारा मिळतो?

आडगाव_नाका

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही जिममध्ये जा, वर्षाची फी भरून पावती हातात पडायच्या आत पुढचा प्रश्न येतो: "सर, पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घेणार ना?" माझं मत आधीच सांगून टाकतो. धडधाकट, पन्नाशीच्या आतल्या, जुनं दुखणं नसलेल्या माणसाने महिनोन् महिने पर्सनल ट्रेनर लावणं म्हणजे पैसे उधळणं.

समजा महिन्याला १२ सेशनचे ८,००० रुपये. कागदावर एक सेशन ६६७ ला पडतं. पण लग्नसराई, पोरांच्या परीक्षा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली फिरती पाळी यातून ८ सेशन झाली तरी पुष्कळ. मग तेच सेशन १,००० ला पडलं. वर्षाचे झाले ९६,०००. एवढ्यात घरी २० किलोचा बार, १०० किलो प्लेट्स, स्क्वॉट स्टँड आणि बेंच येऊन वर पैसे उरतात.

आणि नवशिक्याला पहिल्या वर्षी लागतं तरी काय? आठवड्यात तीन दिवस, दोन वर्कआउट आलटून पालटून. पहिल्यात स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर झोपून बार वर ढकलणं), बार्बेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं). दुसऱ्यात डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (मशीनचा दांडा वरून छातीकडे ओढणं). प्रत्येकी ३ सेट, सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (आवर्तनं), डेडलिफ्टला ५ ते ८. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये वरचा आकडा गाठला की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे, पायांच्या व्यायामाला पाच चालतील. सलग दोन-तीन वेळा अडकलं की १० टक्के उतरवून पुन्हा चढायचं. दहा रुपयांच्या वहीत हे सगळं मावतं. यात ६६७ रुपयांचं गुपित कुठे आहे, ते कुणीतरी सांगा.

फ्लोअरवरचा

दादा, प्रोग्रॅम बरोबर आहे, वाद नाही. गोची वहीत आहे. वहीत लिहिलं जातं "स्क्वॉट ६० किलो, १० रेप्स". ४० किलोला मांडी जमिनीला समांतर जात होती, ६० ला चार बोटं वरच थांबते. आकडा वाढला, व्यायाम कमी झाला आणि वहीला त्याचा पत्ता नाही. सहा महिन्यांनी माणूस म्हणतो, वजन वाढतंय पण पाय आहेत तसेच.

डेडलिफ्टला बार पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोन बोटांवर हवा. दमलं की तो पुढे सरकतो, मग उचलताना कंबर गोल होते. बेंच प्रेसला कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवली की महिना-दोन महिन्यांत खांद्याचा पुढचा भाग कुरकुरायला लागतो. ती अंगापासून ४५ ते ६० अंशांवर हवीत. यातलं काहीच करणाऱ्याला आतून जाणवत नाही, आणि आरशात बघायला मान वळवली की फॉर्म आणखी बिघडतो.

राहिला जोर लावण्याचा प्रश्न. नवा माणूस "आता होत नाही" म्हणतो तेव्हा त्याच्यात बहुधा अजून पाच-सहा रेप्स शिल्लक असतात. अमेरिकेत २००० साली थोडाफार अनुभव असलेल्या पुरुषांचे दोन गट करून १२ आठवडे एकच कार्यक्रम दिला होता. एका गटाला प्रत्येक सेशनला ट्रेनर, दुसऱ्याला नाही. ट्रेनरवाल्या गटाने वजनं लवकर वाढवली आणि स्क्वॉट, बेंच दोन्हींत पुढे गेला. कार्यक्रम तोच होता, हे लक्षात घ्या.

आडगाव_नाका

अभ्यास ठाऊक आहे. वीसेक माणसांचा होता, त्यावर ९६,००० चं बिल फाडू नका. आणि स्क्वॉटला किती खाली जातो ते बघायला मोबाइल आहे. फोन बाजूने, कमरेच्या उंचीवर, आठेक फुटांवर ठेवायचा आणि दर आठवड्याला सगळ्यात जड सेट शूट करायचा. मांडीचा सांधा गुडघ्याच्या पातळीला आला की नाही, हे शाळकरी पोरगंही सांगेल. डेडलिफ्टला बार सरळ रेषेत वर जातो का, एवढं बघितलं तरी पुरे. किती रेप्स शिल्लक आहेत ते कळायला महिन्यातून एकदा लेग प्रेस किंवा पुलडाउनसारख्या मशीनवर शेवटचा सेट खरंच थांबेपर्यंत मारा. आपोआप अंदाज येतो.

गुडघा_विभाग

आडगावकर, "जुनं दुखणं नसलेला" या तुमच्या अटीतच निम्मी जिम गाळली गेली. चाळिशीनंतर येणाऱ्यांत मधुमेह, रक्तदाब, गुडघा, खांदा यांतलं काहीतरी असतंच. फिजिओथेरपीच्या बाजूने बोलते आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस सकाळी उपाशीपोटी तासभर व्यायाम करत असेल, तर साखर खाली जाऊ शकते. आधी ग्लुकोमीटर लावायचा. ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घेऊनच सुरुवात, एक मध्यम केळं त्यात बसतं. रक्तदाबाची मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल ही गोळी चालू असेल तर ट्रेडमिलवरचा "फॅट बर्न झोन"चा तक्ता त्या माणसासाठी रद्दी आहे, कारण गोळीच नाडी वाढू देत नाही. त्याला बोलून बघायला सांगायचं: वाक्य बोलता येतंय, गाणं म्हणता येत नाहीये, म्हणजे मध्यम जोर. रक्तदाबवाल्याने श्वास कोंडून जड वजन ढकलायचं नाही. मधुमेहींमध्ये फ्रोजन शोल्डर इतरांपेक्षा जास्त आढळतो. अशा खांद्याला मानेमागून पुलडाउन ओढायला लावणारे महाभाग अजून आहेत.

हे ज्याला कळतं, त्या ट्रेनरची फी योग्य आहे. मात्र पहिल्या दिवशी पीएआर-क्यूची (व्यायामाआधी तब्येत विचारणारी) सात प्रश्नांची प्रश्नावली न भरून घेता थेट बर्पीसारखे दमवणारे व्यायाम मारायला लावणारा माणूस फुकट मिळाला तरी नको.

तालीम_ते_ट्रेडमिल

अहो, यशवंत व्यायामशाळेचं गाव आहे हे. तालमीत एक वस्ताद पंचवीस पोरांवर नजर ठेवायचा आणि कुणी तासाचे पैसे मोजत नव्हतं. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात १०,००० मीटरचं कांस्य आणलं. तिचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे धावपटूंचा गट होता, एकटीसाठी वेगळा माणूस नव्हता. गटात शिकता येतं. वन-ऑन-वन हे मॉलसंस्कृतीचं फॅड आहे, भो.

फ्लोअरवरचा

तालीमदादा, प्रशिक्षकाचा गट वर्षानुवर्षं तोच असतो, रोज त्याच वेळेला येतो, एकाच स्पर्धेची तयारी करतो. संध्याकाळी सातला जिमच्या फ्लोअरवर तीस माणसं, तीस वयं, तीस हेतू. फ्लोअर ट्रेनर प्रत्येकाला दोन मिनिटं देऊ शकतो, आणि त्यातलं एक प्लेट्स जागेवर ठेवण्यात जातं. ग्रुपला माझा विरोध नाही. दोघा-तिघांनी मिळून ट्रेनर घ्या, फी वाटून जाते. फक्त ताकद साधारण सारखी असावी, नाहीतर अर्धा वेळ प्लेट्स चढवण्या-उतरवण्यातच संपतो.

गुडघा_विभाग

तालमीचं कौतुक आहेच, पण पहिल्याच दिवशी पाचशे बैठका हा प्रकारही तिथलाच. हल्ली तेच "चॅलेंज" नावाने जिममध्ये चालतं. सवय नसलेल्या स्नायूंवर एवढा मारा झाला की त्यांचे तंतू फुटून आतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर सरळ दवाखाना गाठा. घरातली वेदनाशामक गोळी घेऊन वाट बघू नका. ती मूत्रपिंडाला आणखी त्रास देते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे एक-दोन सेट पुरेत, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला पाहिजे.

आडगाव_नाका

हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला! चॅलेंज घ्यायला लावतो कोण? फी घेणारा ट्रेनरच. घाम निथळला नाही तर गिऱ्हाइकाला वाटतं पैसे वाया गेले, म्हणून तो दमवतो. आज दोऱ्या, उद्या टायर, परवा बॉक्स जंप, आणि नाव "मसल कन्फ्युजन". एकच व्यायाम चार आठवडे टिकला नाही तर वजन वाढलं की नाही हे मोजणार कशावर?

फ्लोअरवरचा

मान्य, असे आहेत. का आहेत तेही ऐका. फीतला बराच वाटा जिम ठेवते आणि ट्रेनरला दर महिन्याला पीटी विकायचं टार्गेट असतं. शिकून मोकळा झालेला मेंबर म्हणजे पुढच्या महिन्याचं टार्गेट रिकामं. त्यामुळे काही जण मुद्दाम शिकवत नाहीत: सेटिंग स्वतः करतात, वजन स्वतः लावतात, तुम्ही नुसतं ओढायचं. तीन महिन्यांनी मेंबरला सीटची उंची कितीवर होती तेही सांगता येत नाही.

पारखायचं असेल तर ट्रायल सेशनमध्ये तीन गोष्टी बघा. आजार, औषधं, जुनी दुखापत विचारतो का. तुमचे आकडे लिहून ठेवतो का, आणि ती वही किंवा शीट तुम्हाला देतो का. व्यायाम दुखला तर त्याच्याकडे पर्याय आहे का. स्क्वॉटला गुडघा बोलला तर बॉक्सवर बसून-उठून करून बघणारा चांगला, "होतं तसं, सहन करा" म्हणणारा नाही. सर्टिफिकेटचंही सांगतो. आपल्याकडे ट्रेनरला डॉक्टरसारखी नोंदणी सक्तीची नाही. एसीई, एनएससीए, एसीएसएम, के-११ ही नावं चांगली, पण त्यांतल्या बऱ्याच सर्टिफिकेटची मुदत संपते. भिंतीवरच्या फ्रेमवरची तारीख वाचा.

हिशोबनीस_नाशिकरोड

पैशाचं बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आडगावकरांच्या ८,००० वर आधी १,४४० कर बसायचा, आता ४००. कुणी अजून १८ टक्के लावत असेल तर बिल मागा. घरी येणारा स्वतंत्र ट्रेनर वर्षाला २० लाखांच्या आत कमावत असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही; त्याने जीएसटीच्या नावाने जास्तीचे मागितले तर नोंदणी क्रमांक विचारा, गप्प बसेल.

पॅकेजची मुदत नीट वाचा. ३६ सेशन "तीन महिन्यांत" आणि ३६ सेशन "पाच महिन्यांत" यात सगळा फरक आहे. फिरत्या पाळीवाल्यांनी पहिल्या प्रकाराला हातच लावू नये. रात्रपाळीच्या आठवड्यात तीन सेशन हमखास बुडणार. ट्रेनरने नोकरी सोडली तर उरलेले पैसे परत की दुसरा माणूस, हे लिहून घ्या. तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही.

आडगाव_नाका

आणि प्रोटीन पावडरचे डबे? पीटीच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेनर डबा पुढे करतोच.

फ्लोअरवरचा

डब्यावर कमिशन असतं, लपवत नाही. हिशेब असा: ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ७० किलोला ११२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. नाशिककर मिसळीतल्या मटकीवर प्रथिनांचा हिशेब लावतात, पण एका प्लेटमध्ये ती दहा ग्रॅमच्या आसपासच देते, बाकी तर्री आणि पाव. कोरड्या सोया चंक्सच्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर असतं. अंडी, पनीर, दही, डाळ धरून कमी पडलं तरच व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर). क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घ्यायचंच तर साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. फॅट बर्नर नको. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक नसेल तर नको. आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विषय काढणाऱ्या ट्रेनरचं सेशन तिथल्या तिथे बंद.

इंदिरानगर_उत्तर

वाचते आहे. एक नेमकं विचारायचं होतं. वय ५८, बाई, पाळी जाऊन सात वर्षं, रक्तदाबाची एक गोळी, जिना उतरताना गुडघा दुखतो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज पाऊण तास चालणं होतं. हाडांसाठी वजन उचला असं डॉक्टरांनी सांगितलंय. ट्रेनर लावायचा की नाही?

गुडघा_विभाग

लावा, ताई. चालण्याची वेळ भरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तुमची त्याच्याही वर जातात. कमी आहे ते आठवड्यातले ताकदीचे दोन दिवस. चालण्याने ती भरून निघत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, लेग प्रेस, सीटेड रो, हलक्या डंबेलने कमरेतून वाकून उठणं, भिंतीवर किंवा उंच बाकावर पुश-अप. दोन सेट, १० ते १२ रेप्स, ढकलताना श्वास सोडायचा. गुडघा व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतका दुखला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाला तर चालू ठेवा. सूज आली तर वजन कमी करा, पण बंद करू नका. गोळी कोणती, ते ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा. १२ सेशन सलग, मग महिन्यातून एक.

आडगाव_नाका

इथे माझा विरोध नाही, ताईंनी लावावा. पण १२ कशाला? वरचे पाच व्यायाम सहा सेशनमध्ये येतात.

गुडघा_विभाग

सहा सेशनमध्ये व्यायाम येतात, वजन वाढवायची हिंमत येत नाही. या वयात बायका दोन किलोच्या डंबेलवर वर्ष काढतात आणि हाडांना त्याचा उपयोग होत नाही. पुढची सहा सेशन त्यासाठी.

फ्लोअरवरचा

ताई, सकाळी ११ ते दुपारी ४ ची वेळ विचारा. फ्लोअर रिकामा असतो, लेग प्रेससाठी रांग नसते, आणि त्या वेळेला फी कमी करायला जिमवाले तयार होतात. सहाचे पैसे भरा, पुढच्या सहाचा दर तोच राहील असं पावतीवर लिहून घ्या.

इंदिरानगर_उत्तर

दुपारी जमेल. गोळीच्या पाकिटाचा फोटो काढून ठेवते.